मुलाला हुशारीपासून जपा

पालकहो, पोर सारखे 'का?' विचारते, चालू घड्याळ उघडून बसते, भिंतीवर रेघोट्या ओढते? घाबरू नका. शाळेत घाला. दहावीपर्यंत बहुतेकांना गुण येतो.

आपल्या गोव्यात सगळ्यांत धोक्याचा महिना म्हणजे एप्रिल. पूर्वी पोरे हा महिना काजूच्या डोंगरावर उधळायची. बोंडू पिळायचा, बिया वेगळ्या करायच्या, वाळवायच्या आणि दुकानदाराने वजनात मारले तर त्याच्याशी भांडायचे. एवढा हिशेब, तोही परीक्षेविना! राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे नाव घेऊन सरकारने २०२५ साली सहावीपासूनचे वर्ग एप्रिलातच भरवले. काही पालक कोर्टात गेले. तुम्ही तसला अविचार करू नका. आता पोर पंख्याखाली घामाघूम होऊन 'काजू हे गोव्यातील महत्त्वाचे नगदी पीक आहे' असे सुवाच्य अक्षरात लिहिते. तो पोर्तुगीजांनी आणला, हे लिहायला विसरले तर अर्धा गुण जातो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी आजोबा गणपतीवर रानफळा-पानांची माटोळी बांधतात तेव्हा पोराला शिकवणीला पाठवा. घरी राहिले तर कांगले कुठल्या रानात मिळतात, केवणीच्या सालीचा दोर का तुटत नाही, असले काहीबाही डोक्यात शिरेल. वनस्पतींच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून पानांची रंगीत प्रिंट काढता येते.

नरकासुराच्या पुतळ्याचे मात्र अवघड आहे. दिवाळीआधी वाड्यावरची पोरे रात्र रात्र जागून बांबूच्या कामट्या बांधतात, गवत भरतात, खळ लावून कागद चिकटवतात. एखादा आठवीतला मुलगा सायकलची चेन आणि जुनी मोटर जोडून राक्षसाचा हात वरखाली करून दाखवतो. पहिल्यांदा हात खांद्यातून निखळतो. मग तो मागच्या बाजूला दगड बांधून तोल साधतो. याच मुलाला चाचणीत 'लेव्हर'ची व्याख्या आली नाही, तीही इंग्रजीतून. नापासच करायला हवा. शाळांत सरकारने रोबोटिक्स आणले आहे, ते त्याला नीट शिकू द्या.

शिक्षकांना दोष देऊ नका बरे का. मतदारयाद्या, निवडणूक, माध्यान्ह आहाराचे हिशेब, वरून आलेले फॉर्म, एवढे उरकून ते शिकवतातसुद्धा.

कोणी केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांचे उदाहरण तोंडावर फेकेल. १९७७ साली त्यांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, हे खरे. नासाने गुणपत्रिका मागितली नाही, हा नासाचा गलथानपणा. आपल्याकडे निदान बोनाफाइड मागितले असते.

आणि शाळेने 'गोव्याचे सण' असा प्रोजेक्ट दिलाच, तर स्टेशनरीच्या दुकानात नरकासुराचा छापील चार्ट मिळतो. तो तुम्हीच कापा. पोराच्या हाती कात्री दिलीत, तर ते शिंगे आपल्या मनाची काढील.