काळा कातळच बघायचा तर आइसलँडला कशाला?

नमस्कार. माझ्या आइसलँडवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'काळा कातळ आणि धबधबेच बघायचे तर माळशेजला जावं, एवढे पैसे कशाला घालवायचे? आणि रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूचं कौतुक करताना तिथे माणसं वाहून जातात, हे का नाही सांगितलं?'

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. त्या किनाऱ्यावर मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते आणि परतताना पायाखालची वाळूच ओढून नेते. त्यात पर्यटकांचे जीव गेले आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका, धोक्याचा दिवा लागला असेल तर वाळूत उतरूच नका. मूळ लेखात हे आता सगळ्यात वर घातलं आहे.

आता माळशेज. दगड एकच, बेसॉल्ट, हे अगदी खरं. रेनिसफ्याराला एकमेकांना खेटून उभे असलेले कोनदार दगडी खांब आहेत. लाव्हा निवताना आकसतो आणि तसा तडकतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांबही असेच झाले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. ते बघायला स्टेशनवरून रिक्षा पुरते, आणि प्रत्येक मुंबईकराने ते बघावेतच.

पण सह्याद्रीतलं ते काम केव्हाच थांबलं. आइसलँडमध्ये ते चालू आहे, आणि मला तेच बघायचं होतं. थिंगवेट्लिरला इसवी सन ९३० पासून तिथल्या लोकांची संसद उघड्यावर भरायची. ती जागा ज्या खचदरीत आहे, तिथे उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट वर्षाला साधारण २ सेंटीमीटरने एकमेकांपासून लांब सरकतात. धबधब्यांचंही तसंच. आपले बरेचसे दिवाळीनंतर आटतात. सेल्यालांड्सफॉसला हिमनदीचं पाणी, तो बारमाही. ज्या कड्यावरून तो ६० मीटर खाली येतो, तो एके काळचा समुद्रकिनारा. समुद्र आता बराच मागे गेलाय.

आणि स्ट्रोक्कुर! दर पाच-दहा मिनिटांनी उसळणारं गरम पाण्याचं कुंड. आधी पाणी श्वास घेतल्यासारखं खालीवर होतं. मग मध्येच निळसर, काचेसारखा घुमट फुगतो, क्षणभरच, आणि फुटून वाफेसकट वीसेक मीटर वर जातो. मी तो घुमट नीट दिसावा म्हणून सहा वेळा थांबले. आमची बस खोळंबली होती, तरी थांबले.