ध्येय नाही म्हणजे सुख नाही? मला हे पटत नाही

पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, गल्लीच्या, कंपनीतल्या, पाहुण्यांच्या आणि भजनाच्या पण. मेसेज असा की आपण कशासाठी जन्मलो हे ज्याला माहीत नाही तो माणूस खरा सुखी असूच शकत नाही. पुरावा म्हणून मार्क ट्वेनचं वाक्य, जपानी लोकांची चार वर्तुळं, फ्रँकल, एक संशोधन, मग ध्येय नसलेला माणूस आणि जनावर यात फरक काय असा प्रश्न, त्यावर 'कायकवे कैलास' (काम हाच कैलास) हे कन्नड वचन, आणि खाली 21 दिवसांत आपलं ध्येय शोधा अशी कोर्सची लिंक.

एरवी असलं वाचून मी सोडून देतो. पण माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला इथं बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीत चांगली नोकरी मिळत होती, ती तो 'मामा, माझं पर्पज सापडलं नाही अजून' म्हणून नको म्हणूलालाय, रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागा असतो, आणि त्याची आई परवा माझ्याकडे येऊन रडून गेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मार्क ट्वेनचं आधी संपवतो. आयुष्यात दोनच दिवस महत्त्वाचे, जन्मलास तो आणि कशाला जन्मलास ते कळलं तो, हे वाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतंय, पण त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. तो 1910 साली वारला, वाक्य त्याला नंतर चिकटवलंय.

आता चार वर्तुळं. तुला काय आवडतं, तुला काय जमतं, जगाला काय पाहिजे आणि कशाचे पैसे मिळतात, ही चारी जिथं एकत्र येतात तो म्हणे इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, आणि त्याच्यामुळं जपानी लोक शंभर वर्षं जगतात. हे चित्र जपानमधून आलेलंच नाही. ते मुळात आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पेनमधल्या ज्योतिषाचं, त्यात मधोमध 'ध्येय' असा शब्द होता, आणि 2014 मध्ये मार्क विन नावाच्या एका ब्रिटिश माणसानं तो शब्द काढून तिथं इकिगाई टाकला, झालं, जगभर पसरलं. जपानमध्ये 1966 साली मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी इकिगाईवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या, ज्यांना घर सुटलेलं, पगार नाही, नोकरी नाही, अशा माणसांना जगावंसं कशामुळं वाटतं हे त्या बघत होत्या. चौथ्या वर्तुळात त्यातलं कोण बसलं असतं सांगा. साध्या बोलण्यात पण जपानी माणूस नातवंडाला, बागेतल्या झाडाला, सकाळच्या चहाला इकिगाई म्हणू शकतो. आणि पैसे मिळण्याची अट घातली की आपल्या घरातल्या निम्म्या बायका त्या चित्रातून बाहेरच पडतात, ह्याचा मला खरंच राग येतो.

माझी आत्त्या खानापूर तालुक्यात असते. भाच्याला मी मुद्दाम तिच्याकडे घेऊन गेलो होतो, आणि त्या पोरानं तिला विचारलंच, 'आज्जी, तू कशासाठी जगूलालीस?' ती म्हणाली, 'कशासाठी म्हंजे? उद्या रताळ्याचे वेल लावायचे हाईत की. थांब, म्हशीला वैरण टाकून येतो, मग बोलू.' ती सुखीच आहे असं मी म्हणत नाही, तिचे गुडघे दुखतात, तिचे यजमान तरणेपणीच गेले, जमिनीवरून दिराशी भांडण आहे ते वीस वर्षं झाली मिटलेलं नाही. पण जी काय दुःखं आहेत ती ह्या गोष्टींची आहेत. ध्येय सापडलं नाही हे दुःख तिला कधीच नव्हतं. भाच्याला ते कुणीतरी आणून दिलंय.

फ्रँकलचं नाव घेतात तेव्हा मला जास्त वाईट वाटतं, कारण तो माणूस मोठा. व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ, ऑशविट्झ धरून चार छळछावण्यांतून जिवंत बाहेर आला आणि 1946 मध्ये त्यानं आपला अनुभव लिहिला. ज्याच्याकडे जगायचं कारण आहे तो काहीही सोसू शकतो हे तो सांगतो, ते वाक्य मूळ नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचं आहे. पण सोसणं वेगळं, सुखी असणं वेगळं. आणि सगळ्या आयुष्याचा मिळून एक अर्थ काय असं विचारू नका, तो माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो, हे पण त्यानंच लिहिलंय, आणि अर्थ कामात सापडतो तसा एखाद्यावर जीव लावण्यात पण सापडतो, असंही. सुखाच्या मागं लागलं की ते मिळत नाही, हेही त्याचंच. मेसेज करणाऱ्यानं यातलं एकच वाक्य उचललं.

सोसणं आणि सुख यातला फरक आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी सांगायला नको खरं तर. आमचे आप्पा, म्हणजे वडील, सीमालढ्यात होते, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून. 1956 ला बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते शाळेत, आणि तिथनं पुढं मरेपर्यंत एकच, संयुक्त महाराष्ट्र. दर 1 नोव्हेंबरला काळा दिन, 17 जानेवारीला हुतात्म्यांना वंदन, बेळगाव म्हैसूरकडेच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावर ते तासभर बोलू शकायचे. 2004 मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले, आणि ते गेले तेव्हा केस कोर्टातच होती. एवढं पक्कं ध्येय असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मला त्यांचा अभिमान आहे, आणि त्या ध्येयानं त्यांना ताठ उभं ठेवलं हे मी कबूल करतो. पण सुखी? बातमी वाईट आली की ताट तसंच राहायचं, आई ते झाकून ठेवायची. ते मनापासून हसताना मला आठवतात ते शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री, कट्ट्यावर बसून, मला खांद्यावर घेऊन, पहाटेपर्यंत. त्यात ध्येय काही नव्हतं, नुसती मजा होती.

हे मी माझ्याच घरचं बघून बोलतोय असं वाटेल, पण 2013 मध्ये बाउमाइस्टर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी जवळजवळ चारशे अमेरिकन लोकांना विचारून हेच वेगळं काढलं. आयुष्य अर्थपूर्ण वाटणं आणि सुखी वाटणं बऱ्यापैकी जोडीनं चालतात, पण कुठं कुठं फाटे फुटतात. गरजा भागणं, पैसा पुरणं ह्याचा संबंध सुखाशी लागला, अर्थाशी फारसा नाही, आणि ज्यांना आयुष्य जास्त अर्थपूर्ण वाटत होतं त्यांच्यात काळजी आणि ताण जास्त होता.

मेसेजमधलं संशोधन खोटं नाही, ते 2019 चं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ सात हजार अमेरिकनांचा अभ्यास, ज्यांच्यात ध्येयाची जाणीव कमी ते पुढच्या काही वर्षांत जास्त वारले. पण हा संबंध आहे, कारण ठरलेलं नाही. तब्येतीचा हिशोब त्यांनी धरला होता तरी आतनं खचत चाललेल्या माणसाचा उत्साह आधी जातो, हे आपण घरातल्या म्हाताऱ्यांत बघतोच की. आणि विचारलं काय होतं? पुढचे बेत आखायला आवडतं का, रोजची कामं क्षुल्लक वाटतात का, असले प्रश्न. दिवसापुरतं जगता का हे पण होतं, तिथं आमच्या आत्त्याचे मार्क जातील बहुतेक, पण बेतांच्या प्रश्नात ती कुणाला ऐकणार नाही. आपण कशासाठी जन्मलो हे एका वाक्यात सांगा असं कुणी विचारलं नव्हतं.

राहिलं जनावराचं. मी पंचवीस वर्षं लेथवर आहे. ड्रॉइंगमध्ये दोन शतांश मिलिमीटर सूट असेल तर दोन शतांशच, जॉब बरोबर बसला की बरं वाटतं, घरी येतो, गुरुवारी भजन. ह्याला जनावर म्हणायचं?

आणि 'कायकवे कैलास' तर ह्यांनी उलटंच करून टाकलंय. बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवण्णांच्या मार्गातले संत, त्यात आयदक्की मारय्या, ज्यांच्या वचनात हे येतं, त्यांचं काम काय होतं तर सांडलेले तांदळाचे दाणे वेचणं. एक दिवस जास्त आणले तर बायको लक्कम्मांनी परत ठेवून यायला लावलं, आजच्यापुरतं पुरे म्हणून. दाणे वेचणं म्हणजेच कैलास, दुसरं कुठलं मोठं शोधत बसायचं नाही, असा तो अर्थ, आणि हे लोक तेच वचन लावून पोराला हातात आलेलं काम सोडायला सांगतायत.

ज्याला ध्येय आहे त्याचं चांगलंच आहे, कुणी सैन्यात जायचं म्हणून पहाटे चारला पळत असेल तर त्याला माझा हात जोडून नमस्कार. पण शोधत राहणं हे काही औषध नाही. 2006 मध्ये मायकेल स्टेगर आणि सोबत्यांनी आयुष्यात अर्थ असणं आणि तो शोधत असणं अशी दोन वेगळी मापं केली, तर शोधणारे लोक सरासरीनं थोडे कमी समाधानी निघाले. आधी असमाधान की आधी शोध हे त्यातनं कळत नाही, पण शोधायला लावून सुख येतं असं तरी कुठं दिसत नाही. आणि कुणाला महिनोन्महिने आतनं रिकामं वाटत असेल, झोप नसेल, जेवण जात नसेल, तर तो विषय डॉक्टरचा आहे. मी भाच्याला तेच म्हटलंय, सोमवारी आपण दोघं जाऊन येऊ, कुणाला सांगायची गरज नाही.

तो हो म्हणालाय. कोर्सचे पैसे त्यानं अजून भरलेले नाहीत, शनिवारपर्यंत मुदत आहे म्हणतो, म्हणून शिफ्ट संपवून आल्या आल्या हे लिहायला बसलो.