विषय : विषयाबाबत

गृहनिर्माण संस्थेचा सचिव झाल्यावर हिशेब, पाण्याचे टँकर आणि रखवालदाराच्या रजा यांचा त्रास होणार, हे मी गृहीत धरले होते. सभेच्या सूचनापत्रात ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहायचे हा प्रश्न झोप उडवील, याची कल्पना मात्र कुणी दिली नव्हती. सभा व्हायची तेव्हा होते. भांडण सूचनाफलकावर कागद डकवल्याक्षणी सुरू होते. निर्णय अजून झालेलाच नसल्यामुळे ते निर्णयावरून होऊ शकत नाही. विषयाच्या त्या एका ओळीत सचिवाने कुणाची बाजू घेतली आहे, यावरून ते होते.

ही ओळ टाळण्याची सोय नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तिच्यासाठी पूर्ण 14 दिवसांची सूचना द्यावी लागते, त्या मोजणीत सूचना काढल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस धरता येत नाहीत, आणि जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर ठराव केलाच तर कुणीतरी दुसऱ्या दिवशी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज ठोकतो. त्यामुळे एखादा शब्द कुणाला झोंबला म्हणून कागद उतरवला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. सप्टेंबरच्या तोंडावर ही चैन परवडत नाही.

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय तरी निर्धोक असावा, अशी माझी समजूत होती. आमच्या इमारतीत न्यायालयातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांच्या मते ‘कायम करणे’ असे लिहिले की सभेने आधीच होकार दिला असे ध्वनित होते, सबब ‘कायम करण्याबाबत विचार करणे’ असे पाहिजे. तेव्हापासून ‘बाबत’ माझ्या मदतीला आला. सभासदांकडे थकलेल्या रकमा, गळके नळ, गच्चीवरची वाळवणे, काहीही असो, शेवटी ‘बाबत’ जोडला की निम्मे आरोप गळून पडतात. शब्दयोगी अव्ययाइतका निःपक्षपाती सहकारी आमच्या समितीवर दुसरा नाही.

पण उरलेले निम्मे आरोप ‘बाबत’लाही आवरत नाहीत. लिफ्टचेच पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, लिफ्टचा खर्च सर्व सभासदांनी सारखा सोसायचा असतो, मग कुणी ती वापरो वा न वापरो. तळमजल्यावरच्या काकांना हे मान्य नाही आणि त्यांनी तसा लेखी अर्जही दिला होता. मी विषय लिहिला, ‘तळमजल्यावरील सभासदांच्या लिफ्ट-खर्चाबाबत’. काका म्हणाले, “आमचा कसला खर्च? खर्च वरच्यांचा, आम्ही फक्त भरतो.” त्यांच्या सूचनेवरून ‘लिफ्ट-खर्चाच्या तळमजल्यावर पडणाऱ्या भाराबाबत’ असे केले, तर पाचव्या मजल्यावरून विचारणा झाली की, भार पडतो हे समितीने कधी ठरवले. अखेर ‘लिफ्टबाबत’ एवढाच शब्द उरला. तो वाचून लिफ्ट बंद पडणार असल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सर्व मजल्यांवर पोहोचली होती, आणि गुडघे दुखणाऱ्या एक आजी भाजी आणायला लवकर खाली उतरून आल्या होत्या.

कुत्र्यांच्या विषयात तर दोन्ही पक्षांनी मला तयार मसुदेच आणून दिले. एकात ‘भटक्या कुत्र्यांचा असह्य उपद्रव’ होता, दुसऱ्यात ‘आवारातील मुक्या जिवांची उपासमार’. केंद्र सरकारच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मध्ये अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर टाकलेली आहे, म्हणजे विषय घेणे भागच होते. मी ‘भटक्या’ गाळले, ‘उपद्रव’ गाळला, ‘मुके’ही गाळले (कारण रात्री दोन वाजता ते मुके नसतात) आणि ‘आवारातील प्राण्यांबाबत’ असे लिहून मोकळा झालो. लगेच मांजरवाल्या ताईंनी आपल्या मांजराला यात का गोवले म्हणून विचारले, कबुतरांना दाणे टाकणाऱ्या गृहस्थांनी कबुतर हा पक्षी असल्याने आपल्याला हा ठराव लागू होणार नाही असे आगाऊ कळवले, आणि ज्यांनी कुत्र्यांची तक्रार केली होती ते सभेला आलेच नाहीत, कारण कुत्र्यांचा विषय पत्रिकेवर आहे हे त्यांना वाचून कळले नव्हते.

पार्किंगमध्ये ‘दुचाकी व चारचाकी’ लिहावे की ‘चारचाकी व दुचाकी’, यावर झालेल्या चर्चेत मी वाचकांना नेत नाही. पुनर्विकासाबद्दल मात्र शासनाचे आभार मानायला हवेत. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात त्या सभांची कार्यपद्धतीच घालून दिलेली असल्यामुळे तिथे भांडणारा सचिवाशी न भांडता थेट मंत्रालयाशी भांडतो.

खरी कसोटी गळतीची. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली दुसऱ्या मजल्यावर काळपट ओल धरली होती आणि तिथल्या वहिनींनी खाली बादली ठेवली होती. गच्चीतून पाणी आले तर दुरुस्ती संस्थेची आणि मोरी-न्हाणीघरातून आले तर त्या सभासदाची, असे उपविधी सांगतात. म्हणजे पाणी कुठून येते हे लिहिले की बिल कुणाचे हेही लिहिल्यासारखेच. ‘वरून होणारी गळती’ म्हटले तर तिसरा मजला नाराज, ‘छताला आलेली ओल’ म्हटले तर दुसरा. अध्यक्षांनी सुचवले की, दिशाच नको. मग मी ‘दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांदरम्यान आढळलेल्या ओलाव्याबाबत विचारविनिमय करणे’ असे लिहिले. तिसऱ्या मजल्यावरील साहेबांनी ‘तिसऱ्या’ हा शब्द ‘दुसऱ्या’च्या आधी यावा एवढीच दुरुस्ती मागितली, दुसऱ्या मजल्याने ‘आढळलेल्या’ऐवजी ‘वाढत असलेल्या’ मागितले, आणि शेवटी दोघांनीही आपापल्या मागण्या मागे घेऊन सूचनापत्रावर सह्या केल्या. ते वाक्य मी आजही अभिमानाने दाखवतो. सभेत ते एकमताने संमत झाले आणि अध्यक्षांच्या आदेशावरून प्लंबरला द्यायच्या पत्रातही मी तेच जसेच्या तसे उतरवले.

प्लंबर सकाळी हातोडा, छिन्नी आणि ते पत्र घेऊन जिन्यात उभा राहिला. त्याने पत्र नीट वाचले, उलटून मागेही पाहिले. मग म्हणाला, “साहेब, तेवढं फोडायचं वर की खाली, ते सांगा.” दोन्ही मजल्यांचे दरवाजे किलकिले झालेले मला दिसत होते. मी अध्यक्षांना फोन लावला.

“त्याला म्हणावं,” अध्यक्ष म्हणाले, “त्याबाबत विचारविनिमय चालू आहे.”