बारीक अक्षरांतला मदरबोर्ड

गेले तीन आठवडे मी रोज रात्री महागड्या मदरबोर्डांची माहितीपत्रके उघडतो, त्यांवरची विशेषणे बाजूला सारतो आणि तळटिपांत दडवलेले सत्य शोधत बसतो. साधा सुटा भाग विकत घेण्यासाठी गिऱ्हाइकाला दस्तऐवज तपासणाऱ्या वकिलासारखे बसावे लागते, याचा मला आता मनस्वी संताप आला आहे.

खोक्यावर मोठ्या दिमाखात लिहिलेले असते की यात माहिती साठवणाऱ्या एसएसडींसाठी पाच एम.२ स्लॉट आहेत, ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयई ५.० (भागांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या पद्धतीची पाचवी पिढी) चा सोळा लेनचा, म्हणजे माहितीच्या सोळा मार्गिकांचा स्लॉट आहे आणि शिवाय यूएसबी४ ही वेगवान जोडणी आहे. हे सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालणार नाही, हे मात्र खोक्यावर कोठेच लिहिलेले नसते. एएम५ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) बसणाऱ्या एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेतील नेहमीच्या प्रोसेसरांकडे मुळात २८ लेन असतात. त्यांतल्या ४ चिपसेटशी (बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपशी) बोलण्यात जातात, १६ ग्राफिक्स कार्डाला आणि ४ पहिल्या एसएसडीला. उरलेल्या ४ लेन एक्स८७०ई चिपसेटच्या बोर्डांवर बहुधा यूएसबी४ घेऊन बसते, कारण तेथे ते सक्तीचे आहे. मग दुसरा ५.० एम.२ स्लॉट येतो कोठून? अनेक बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाच्या ताटातून वाढला जातो : तेथे एसएसडी बसवली की कार्ड सोळावरून आठ लेनवर येते. आठ लेनवर खेळ फारसे मंदावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण सोळाचे पैसे मोजून घेताना आठाची गोष्ट पुस्तिकेतल्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत सांगायची, हा कोणता व्यवहार? बाकीचे एम.२ स्लॉट, साटा (डिस्कसाठीच्या जुन्या पद्धतीच्या जोडण्या) आणि बरेचसे यूएसबी चिपसेटमागे रांगेत उभे असतात, आणि त्या सगळ्यांच्या वाट्याला प्रोसेसरकडे जाणारी पीसीआयई ४.० ची चार लेनची एकच वाट येते.

रॅमचीही तीच कथा. चार स्लॉट दाखवायचे, ८००० च्या पुढचे वेगाचे आकडे मिरवायचे. प्रत्यक्षात ९००० मालिकेसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५६०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. आकड्यांपुढची ‘ओसी’ (ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग) ही दोन अक्षरे म्हणजे जबाबदारी तुमची.

वाढीव किंमत जाते ती चिलखतासारख्या पत्र्यांवर, दिव्यांवर आणि १८ फेजच्या (समांतर शाखांच्या) वीजपुरवठ्यावर. संगणक सुरू होताना अडल्यास कारण सांगणारा दोन आकडी कोडचा छोटा पडदा हीच खरी उपयोगाची वस्तू, आणि नेमकी तीच स्वस्त बोर्डांवरून गाळलेली असते, म्हणून तर झक मारत वरच्या श्रेणीत यावे लागते.

कोणती लेन कोठे जाते याची एक आकृती एवढीच माझी मागणी आहे. सर्व्हरच्या मदरबोर्डांच्या पुस्तिकांत ती सर्रास असते. येथे मात्र खोक्याच्या अर्ध्या भागावर चमकते बोधचिन्ह छापायला जागा आहे, आणि त्या आकृतीसाठी मला एकशेवीस पानांची पुस्तिका उतरवून घेऊन, चाळून, शेवटी ती तेथेही नाही असे पाहावे लागते.