सीमेवरचा नाका कसा रखडवावा

वादग्रस्त सीमेवरच्या जकात नाक्याच्या वाटाघाटींसाठी तुमची नेमणूक झाली? अभिनंदन. त्यात कोल्हापूरचे असाल तर निम्मा अभ्यास घरबसल्या झालेलाच आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ चा, त्याचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. सीमेवरचं कोगनोळी ओलांडल्यावर पुढचं मोठं शहर बेळगाव की बेळगावी, हे अजून बोलणाऱ्यावर आहे. उरलेलं निम्मं सर्बिया आणि त्यातून फुटलेल्या, पण सर्बियानं देश न मानलेल्या कोसोवोकडून शिका.

पहिल्या बैठकीत नकाशा उघडायचा नाही. आधी रेषेचं बारसं. कोसोवो तिला सीमा म्हणतं, सर्बिया प्रशासकीय रेषा. डिसेंबर २०११ मध्ये तडजोड झाली ती 'आयबीएम' या तीन अक्षरांवर: 'इंटिग्रेटेड', 'बी' आणि 'मॅनेजमेंट', म्हणजे नाक्यांचा एकत्रित कारभार. मधल्या 'बी'चा अर्थ एकानं 'बॉर्डर' घ्यायचा, दुसऱ्यानं 'बाउंड्री', आणि दोघांनी जिंकून घरी जायचं. मराठीत ही सोय नाही. सीमा नि हद्द यांचं आद्याक्षरच जुळत नाही. म्हणून मराठीत बोलणी टाळा, चुकून निकाल लागायचा.

मग शिक्का. याला हलक्यात घेऊ नका राव. कोसोवोच्या कागदांवरचा शिक्का सर्बियाला चालेना, म्हणून माल अडला. जुलै २०११ मध्ये कोसोवोनंही सर्बियाचा माल बंद केला, उत्तरेकडच्या नाक्यांवर पोलीस धाडले आणि यारिन्येचा नाका जळाला. सप्टेंबरात तोडगा निघाला: शिक्क्यावर फक्त 'कस्टम्स ऑफ कोसोवो'. 'प्रजासत्ताक' नाही, बोधचिन्ह नाही. एक शब्द गाळायला एवढा खटाटोप लागतो, हे वरिष्ठांना सांगून प्रवासभत्ता वाढवून घ्या.

तरी अडलंच तर चांदणी (*) मारा. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोसोवोच्या नावावर चांदणी आणि खाली तळटीप आली. तळटिपेत संयुक्त राष्ट्रांचा १९९९ चा ठराव १२४४, जो सर्बियाला गोड; शेजारी कोसोवोच्या स्वातंत्र्यघोषणेवरचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं २०१० चं मत, जे कोसोवोला गोड. एकाच ताटात तांबडा नि पांढरा, ज्याला जो हवा तो त्यानं ओरपावा.

एवढ्यानंही काम पुढं सरकलंच, तर 'तात्पुरतं' हा शब्द हाताशी ठेवा. तिथं कायम नाके सहा ठरले. डिसेंबर २०१२ पासून सुरू झाले ते तात्पुरते. कंटेनर ठेवा, दोन्हीकडचे अधिकारी शेजारी बसवा, फोटो काढा. कायम इमारतीचा विषय निघाला की बांधकाम परवाना कुणाच्या कायद्यानं, सांडपाणी कुणाच्या नाल्यात, वजनकाट्याची तपासणी कुणी करायची, असे प्रश्न सुटे-सुटे विचारा. एका बैठकीत एकच. वसुलीचा पैसा कुणाच्या तिजोरीत, हा मात्र हुकमाचा एक्का. तो लवकर टाकू नका.

आणि नाकाच उठला तर? घाबरू नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला नि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके गेले. सीमावादाचा त्यानं टवकासुद्धा उडाला नाही.

ट्रकवाल्याचं काय, असं कुणी विचारलंच तर नाराज करू नका. पुढच्या विषयपत्रिकेत घ्या. सगळ्यात शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात.