‘गावात टॅलेंटच नाही’ म्हणे! किर्लोस्करवाडी इथून किती लांब आहे?

परवा रात्री ताईचा फोन आला. भाच्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा संपलाय आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवतात तिथं) शिकाऊ म्हणून बोलावणं आलंय. पंधरा दिवस घरात आनंदीआनंद होता. आणि ताई म्हणते, “नको रे, त्याला पुण्यालाच पाठवते. इथं राहिला तर वाया जाईल.” खोदून विचारलं तेव्हा कळलं की घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकलाय. तोच मेसेज मला आठवड्यात आणखी तीन ठिकाणांहून आला.

‘कटू पण सत्य’ असं वर लिहून त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. एक, उद्योग हुशार माणसं असतात तिथंच जातात, आणि गावात ती नाहीत. दोन, एखाद्या कारखानदाराने मागास भागात माणसं घडवली असं एकही उदाहरण इतिहासात नाही. तीन, उद्योग आणणं हे फक्त सरकारचं काम. चार, सांगली-कोल्हापूर पट्टा संपलाय, तेव्हा जो मुलगा शिकून इथंच राहिला तो हरला असं समजा. शेवटी नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

ताई राहते पलूस तालुक्यात. ‘एकही उदाहरण नाही’ हे वाक्य पलूस तालुक्यात बसून लोक एकमेकांना पाठवतात, याचं मला खरंच वाईट वाटलं. किर्लोस्करवाडी त्याच तालुक्यात आहे! रोज ज्या स्टेशनवरून ये-जा करता, त्याचं जुनं नाव कुंडल रोड. ते का बदललं हे पोरांना कुणी सांगतच नाही का?

मग मीच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे.मध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सुटली आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं तेव्हाचे शेतकरी म्हणायचे, त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले. त्यातच नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळ 32 एकर माळ आणि 10 हजार रुपयांचं कर्ज दिलं. साल 1910. माळावर निवडुंग आणि साप. हुशार माणसांची वस्ती बघून तिथं कारखाना गेला, असं कोण म्हणेल?

माणसं कोण होती तेही बघा. बेळगावहून आलेली काही कामगार कुटुंबं आणि आजूबाजूच्या खेड्यांतले लोक. शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. तुरुंगात राहून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीचं काम सोपवलं आणि त्यांनी ते इमानाने केलं. कारखाना चालवायचा तर ओतकाम येणारा माणूस हवा. तो मिळत नसेल तर शिकवा, राहायला घर द्या, त्याच्या मुलांना शाळा द्या. किर्लोस्करवाडी अशी उभी राहिली. त्याच माळावरून ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं निघाली. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे इथं या घराण्याचे जे कारखाने निघाले, त्यांचं मूळही इथलंच. आणि वाडीत आजही पंप बनतात. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने उलटं धरलंय ते इथं. माणसं तयार असतात म्हणून कारखाना येतो, हे काही ठिकाणी होतही असेल. पण आपल्या भागात कारखाना आधी आला आणि माणसं त्यात तयार झाली.

तिसरा मुद्दा, सरकारचा. यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू? औंधच्या राजाने जमीन आणि पैसा दिला नसता तर वाडी झाली नसती. वीज, रस्ता, पाणी सरकारनेच द्यायला हवं. पण नुसते प्लॉट पाडून भागत नाही. पाटी लागलेली, कुंपण घातलेली आणि आत बाभळी वाढलेली औद्योगिक वसाहत तुम्हीही पाहिली असेल. प्लॉटवर येऊन भट्टी पेटवणारा कुणीतरी लागतो.

आता चौथा. माझा राग मुख्यतः यावर आहे, कारण त्याने एका पोराचं वर्ष जाऊ शकतं.

आधी खरं तेवढं मान्य करतो. इथून माणसं जातात. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले. त्यांनी 1929 साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली आणि 1933 साली ती पुण्याला नेली. एका कंपनीवर उभं असलेलं गाव कंपनीबरोबर बसतं हेही खरं. ज्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता, तिथला काचकारखाना बंद पडला. आणि वीजदराला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा कोल्हापूरच्या उद्योजकांनी जाहीरपणे केली आहे. ते दुखणं खरंच आहे.

पण यावरून ‘पट्टा संपला’? कोल्हापूर परिसरात आज 300च्या आसपास फाउंड्री आहेत. त्या आल्या कुठून? नदीकाठच्या उसाला पाणी द्यायला शेतकऱ्यांनी ऑइल इंजिनं घेतली, ती बिघडायला लागली, दुरुस्त करता करता मिस्त्री लोक सुटे भाग ओतायला लागले आणि मग अख्खं इंजिनच बनवायला लागले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, आजही आदराने घेतात. एकाच्या शॉपमध्ये शिकलेला पोरगा चार वर्षांनी शेजारी स्वतःचं लेथ टाकतो, त्याच्याकडे आणखी चार शिकतात. म्हणूनच एक शेड बंद पडली तरी उद्यमनगर बंद पडत नाही. ओगलेवाडीत आणि इथं फरक आहे तो हाच.

आणि ‘इथं राहिला तो हरला’ म्हणणाऱ्याने एकदा पॅटर्न शॉपमध्ये उभं राहून बघावं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा साधारण एक टक्का मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे आकडे आपल्या पट्टीपेक्षा किंचित लांब लांब असतात. जाड भाग कुठे, पातळ कुठे, वितळलेल्या लोखंडाचा रस कुठून सोडायचा, हे डोक्यात बसवायलाच वर्षं जातात. बाहेर मोल्डिंगला, म्हणजे वाळूचा साचा करायला, बसलेला माणूस वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो, गोळा मधोमध मोडतो. कड स्वच्छ तुटली तर ठीक, भुगा झाला तर पाणी कमी. हे करताना तो तुमच्याशी बोलतही असतो. आता थ्रीडी मॉडेल आलं, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर पॅटर्न कापतात, विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. संगणक येणारा डिप्लोमावाला पोरगा या लोकांना हवाय, आणि हे हातातलं ज्ञान त्या पोराला हवंय. पुण्यात एखाद्या मोठ्या गेटच्या आत कंत्राटावर नट आवळण्यात त्याची दोन वर्षं गेली तर त्याला तू ‘जिंकला’ म्हणशील का, असं मी ताईला विचारलं. ती गप्प झाली.

पहिल्या मुद्द्याला वेगळं उत्तर द्यायची गरज उरली नाही. तिथंही तोच उलटा हिशेब आहे.

पुण्याला जाऊच नये असं मी म्हणत नाही. जायचं तर चांगलं काम बघून जावं. पण मेसेज वाचून जाऊ नये.

ताईला म्हटलं, घाबरतेस कशाला, रविवारी मी येतो, तिघं मिळून शिरोलीला जाऊ आणि समोरासमोर विचारू. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, म्हणजे 1961च्या कायद्याखाली, रीतसर नोंदणी करणार का? विद्यावेतन किती? शिकवणार कोण, आणि त्या माणसाची स्वतःची किती वर्षं पॅटर्नवर गेली? वर्षभर फक्त लाकूड घासायला लावणार की डिझाइनच्या संगणकावरही बसवणार? उत्तरं पटली नाहीत तर दुसरी फाउंड्री बघू, रस्त्यावर रांगेने आहेत. भाचा मागून फोन ओढून म्हणाला, “मामा, सकाळी आठला या, मग भट्टी चालू असताना बघता येईल.”