"पुण्याहून येऊन दोन तासांत…": एका प्रतिक्रियेला उत्तर

सावंतवाडीतल्या बायकांच्या हस्तकलेच्या दुकानावर मी लिहिलं, त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: "ताई, पुण्याहून येऊन दोन तासांत कोकण कळत नाही. फुकट बसणाऱ्या हौशी बायकांचं कौतुक पुरे. लाकडी फळ ज्याने बनवलं त्याला किती मिळतात, ते विचारलंत का? आणि दशावतारी गंजिफा 96 पानांची नसते."

शेवटचं आधी. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते, आणि दशावतारीची पानं 120 च. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. 96 पानं मोगल गंजिफाची, तिथे रंग आठ. घाईत घोळ झाला, मान्य. एवढं बारकाईने वाचलंत, त्याबद्दल आभार.

आता त्या 'ताई'चं. मला रिक्षावाले ताई म्हणतात, भाजीवाल्या म्हणतात, कधी खटकलं नाही. तुमच्या 'ताई'मधली चापट मात्र बरोबर लागली.

आणि दोन तास? अहो, माझं आजोळ बांद्याचं. मे महिन्याची अख्खी सुट्टी तिथे जायची. आजोबा सावंतवाडीला न्यायचे, आणि मोती तलावाला वळसा घालून चितारआळीत शिरलो की मला काय हवं ते त्यांना विचारावं लागत नसे. तिथल्या लाकडी भातुकलीतलं जातं अजून माझ्या कपाटात आहे, खुंटा कधीच हरवला. आजही तिकडे कुणी "खंयसून इलंस गो?" विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी आजीचं खळं येतं, पुणं नंतर. हे दोन तासांत कसं बसवायचं, तुम्हीच सांगा. तुम्ही स्वतः कुठल्या गावचे, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

'फुकट बसणाऱ्या हौशी बायका'. त्या पगार घेत नाहीत, पाळीपाळीने बसतात, हे मीच लेखात लिहिलं होतं. कौतुकाने लिहिलेलं तुम्ही शिवीसारखं परत केलंत! त्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. मी घेतलेल्या लाकडी काजूच्या बोंडाची बी मोडू नये म्हणून त्यांनी आधी तिला कापसाचा बोळा लावला, मग बोंड वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग चौकटीच्या वहीत, हजेरीपटावर लिहावं तशा अक्षरात: बोंड, एक. त्यापुढे बनवणाऱ्याच्या नावाचं आद्याक्षर. गल्ल्यात सुटे नव्हते, तर दहाची नोट स्वतःच्या पर्समधून काढून दिली. असेल हौस. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी गंजिफाची कला पुन्हा उभी केली, तेव्हाही 'राजेलोकांची हौस' म्हणणारे भेटले असतीलच.

माझी आई बचत गटाच्या स्टॉलवर अकरा वर्षं अशीच बसली. लोणच्याच्या बरण्यांवरचं तेल पुसत. "काय वहिनी, टाइमपास का?" हे तिने किती वेळा ऐकलं ते मी शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलंय. म्हणून तो शब्द झोंबला. लपवत नाही.

राहता राहिलं, कारागिराला किती मिळतात. नाही विचारलं. गिऱ्हाइकाने दुकानाच्या गल्ल्यात डोकावायचं असतं का? मी सहज गेले होते, ऑडिटला नव्हते गेले. (वहीत त्या आद्याक्षरापुढे आणखी एक रकाना होता खरा. माझ्या बाजूने उलटा दिसत होता, मी वाचला नाही.) तुम्हाला एवढी कळकळ असेल तर आंबोली घाट उतरून जा आणि विचारा. त्या बाई सांगतील. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनाही सांगतील, स्वभावाने फार चांगल्या आहेत.

लेखातला आकडा दुरुस्त केला आहे. पुढच्या वेळी नावानिशी लिहा, 'ताई' गाळलंत तरी चालेल.